गाडीचा रंग थांबेल, आधी चौथा हप्ता थांबवा

परभणीहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय 38, कृषी सेवा केंद्रात नोकरी, पगार 38 हजार, घरखर्च 30 हजार. घरी पत्नी, दोन मुलं आणि चार एकर सोयाबीन बघणारे वडील. दाराशी 2012 ची वॅगन आर. बोनेट-टपाचा रंग उन्हानं उडालाय आणि पेंटरनं पूर्ण गाडीचे 42 हजार सांगितलेत. ते विचारतात, "तेवढ्याच पैशात कॉम्प्रेसर, गन घेऊन घरीच रंग मारायला शिकू का? पुढे दर रविवारी बाहेरच्या गाड्या केल्या तर महिन्याला 25-30 हजार सुटतील. पैशाची अडचण नाही. तीन वर्षांपूर्वी बँकेतल्या मॅडमनी एफडीऐवजी 60 हजारांची पॉलिसी करून दिली होती, तिच्यावर लोन मिळतंय. चौथा हप्ता पुढच्या महिन्यात आहे."

रंगाचं आधी उरकतो. दोन एचपीचा कॉम्प्रेसर 14-15 हजार, बरी गन तीन हजार, पाणी अडवणारा फिल्टर आणि रेग्युलेटर दीड हजार. लांबी, प्रायमर, रंग, क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर), हार्डनर, थिनर, पॉलिश पेपर मिळून 15 हजार. पहिल्या गाडीवर पाच-सहा हजारांचा माल वाया जाणार तो वेगळा. झाले 40 हजार, म्हणजे वाचले दोन. गन पॅनेलपासून वीतभर अंतरावर ठेवून, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवत एका चालीनं हात फिरवायचा असतो. हात जरा रेंगाळला की ओघळ आलाच, मग वाळू द्या, घासा आणि पुन्हा मारा. हा हात बसायला महिने लागतात. ज्याची स्वतःची एकही गाडी अजून झालेली नाही, त्यानं रविवारच्या कमाईचे 25 हजार हिशोबात धरूच नयेत.

पैशापलीकडची एक गोष्ट मात्र नीट ऐका. टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या रंगाच्या आणि क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. त्याच्या फवाऱ्यानं कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही, साधा धुळीचा मास्कही कामाचा नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो, तो माझ्या 40 हजारांत धरलेला नाही. पोरं खेळतात त्या अंगणात टू-के मारू नका.

आता पॉलिसी. तुम्ही कागदाचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत. कोपऱ्यात निळ्या पेनानं '7.20 चे 13', म्हणजे 7.20 लाखांचे 13 लाख, असं लिहून त्याला गोल केलाय. तुम्हाला विकला गेला तो एवढा गोल. खाली छापलंय ते असं: वर्षाचा हप्ता 60 हजार, 12 वर्षं, 20 व्या वर्षी 13 लाख, विमा सहा लाख. 13 लाख ऐकायला मोठे वाटतात, पण परतावा पडतो वर्षाला जेमतेम चार टक्के. हेच हप्ते पीपीएफमध्ये टाकले असते तर आजच्या 7.1 टक्के दरानं 20 वर्षांत साधारण 20 लाख झाले असते. तुमच्यासारख्या माणसाला एफडी म्हणून ही योजना गळ्यात मारली, याचा मला मनापासून राग येतो. आणि आता चार टक्के देणाऱ्या योजनेवर नऊ-दहा टक्क्यांनी कर्ज काढायचं?

त्याहून मोठी काळजी त्या सहा लाखांची आहे. उद्या तुम्हाला काही झालं, तर तुमच्या घराचे ते वीस महिने. एकविसाव्या महिन्यापासून घर चालवायचं कुणी, वडिलांच्या सोयाबीननं? आरोग्य विम्याचा तर पत्रात उल्लेखही नाही. दवाखान्याचं एक मोठं बिल आलं की शेतावर कर्ज.

तुमच्याकडे वर्षाला उरतात 96 हजार. त्यातले 60 या पॉलिसीत जातात, म्हणून 42 हजारांच्या रंगालाही लोन बघावं लागतंय. तेच 60 असे वाटा: 75 लाखांचा टर्म प्लॅन (फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा विमा) 15 हजारांच्या आसपास, तुम्ही दोघं आणि मुलं अशा चौघांचा दहा लाखांचा आरोग्य विमा 20 हजारांच्या आसपास. या दोन्हींवरचा 18 टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून गेलाय. उरले 25 हजार, ते पीपीएफमध्ये.

"भरलेल्या 1.80 लाखाचं काय?" हे तुम्ही विचारणारच. सरेंडर केली, म्हणजे पॉलिसी मधेच मोडली, तर 65-70 हजार हाती येतील असं धरा. लाखभराचा फटका आहे आणि तो दुखणार. पण पुढचे नऊ हप्ते आणि हे 70 हजार पीपीएफमध्ये गेले, तर 17 वर्षांनी साडेपंधरा लाखांच्या घरात जातात. पॉलिसी चालू ठेवली तर 13. त्यातून दरवर्षी विम्याचे 35 हजार वजा केले तर साठा सात-आठ लाखांचाच होईल, हे खरं. त्या बदल्यात 75 लाखांचं आणि दवाखान्याचं छत्र मिळतं. तुमच्या जागी माझा भाऊ असता तरी मी हेच सांगितलं असतं.

क्रम चुकवू नका. आधी टर्म आणि आरोग्य विम्याचे कागद हातात येऊ द्या. फॉर्ममध्ये बीपी, शुगर, तंबाखू काहीही लपवू नका. मग कंपनीकडून सरेंडर आणि पेड-अप (पुढचे हप्ते न भरता पॉलिसी कमी रकमेवर चालू ठेवणं), दोन्ही आकडे लेखी मागा. वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलत असते, त्यामुळे घाई नाही. एफडी सांगून पॉलिसी दिली, अशी लेखी तक्रार कंपनीकडे आणि बँकेकडे करा, पोच घ्या. दाद मिळाली नाही तर विमा लोकपालांकडे जा, तिथे फी नाही. सही तुमची असल्यानं पैसे परत येतीलच असं मी म्हणणार नाही, पण तक्रार कराच.

आणि शिकायची हौस आहे ना, ती सोडू नका. भंगारातून एक जुनं बोनेट आणा. दिवाळीनंतर, धूळ आणि दमट हवा कमी असते तेव्हा, चार रविवार त्याच पेंटरच्या गॅरेजात बसा. आधी फक्त घासायला आणि लांबी भरायला शिका, निम्मं काम तेच आहे. वॅगन आरच्या टपावर जिथे पत्रा उघडा पडलाय तिथे तोवर प्रायमरचा हात मारून घ्या, गंज धरायला नको.