सिंगलिश : मोडकं इंग्रजी की क्रिओल?

प्रश्न असा आलाय : सिंगापूरची 'सिंगलिश' म्हणजे मोडकंतोडकं इंग्रजी, की तिला क्रिओल, म्हणजे भाषांच्या मिसळीतून जन्मलेली नवी भाषा, म्हणायचं? आणि ती क्रिओल असेल तर आपली मिंग्लिशही क्रिओलच का?

मोडकंतोडकं मुळीच नाही. सिंगलिश चुकीची बोलता येते, आणि तिथली माणसं ती चूक लगेच पकडतात. पाहुणा हौसेनं वाक्यावाक्याला 'लाह' चिकटवायला लागला की सगळे हसतात, ते यामुळेच.

नुसता 'कॅन' घ्या. उद्यापर्यंत काम होईल का, असं कुणी विचारलं. 'कॅन लाह' म्हणजे होईल की, काळजी कसली! 'कॅन मेह?' म्हणजे होईल म्हणतोस? मला नाही वाटत. 'कॅन लोर' म्हणजे होईल बाबा, आता इलाज काय. 'कॅन होर?' म्हणजे होईल ना नक्की? आपल्या 'की', 'ना', 'बाबा', 'म्हणे' यांचंच काम हे. यांना नियमही पक्के आहेत : जागा वाक्याच्या शेवटी, आणि 'कुठे', 'कधी' विचारणाऱ्या प्रश्नाला 'मेह' लागतच नाही.

'आय ईट ऑलरेडी' हे वाक्य ऐकून आपले इंग्रजीचे मास्तर छडी घेऊन धावतील. पण इथला 'ऑलरेडी' म्हणजे 'आधीच' नव्हे. होक्कियन या चिनी बोलीत क्रिया पुरी झाल्याचं सांगणारा 'लियाव' असतो, त्याची जागा यानं घेतलीय. आपण 'जेवून झालं' म्हणतो त्यातलं 'झालं', बस्स.

आता क्रिओल. ठरलेली व्याख्या अशी की आधी व्यापारापुरती कामचलाऊ बोली, म्हणजे पिजिन, तयार होते, मग पुढच्या पिढीची ती मातृभाषा झाली की क्रिओल. सिंगलिश या वाटेनं आलेली नाही. इंग्रजी माध्यमाच्या शाळांतली पोरं इंग्रजी अंगणात घेऊन आली, आणि तिथे तिला बाजारी मलय आणि होक्कियनचं वळण लागलं. म्हणून जॉन प्लॅट या भाषातज्ज्ञानं १९७५ साली तिला 'क्रिओलॉइड', म्हणजे क्रिओलसारखी, म्हटलं. अभ्यासकांचं अजून एकमत नाही. माझं मत विचाराल तर उगमाचा वाद बाजूला ठेवून तिला खुशाल क्रिओल म्हणा. घरात, बाजारात, लष्करात ती आज त्याच तऱ्हेनं नांदतेय.

सरकारला मात्र ती डोळ्यांत खुपते. २००० साली 'चांगलं इंग्रजी बोला' अशी मोहीमच काढली. लोक मुलाखतीत प्रमाण इंग्रजी बोलतात आणि बाहेर पडताच सिंगलिश. यात नवल ते काय, साताऱ्याचा माणूसही हेच करतो.

शब्दांची सरमिसळ बघायची तर खाऊगल्लीत जावं. 'कोपी ओ कोसोंग' म्हणजे बिनसाखरेची काळी कॉफी : 'कोपी' आणि 'कोसोंग' (रिकामं) मलय, 'ओ' (काळं) होक्कियन. टेबलावर टिश्यूचं पाकीट टाकून जागा अडवायची, त्याला 'चोप' करणं म्हणतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. मूर्खाला 'गुंडू' म्हणतात, तो तमिळमधून आला.

मिंग्लिशचं उत्तर यातच आहे. 'मी मीटिंग अटेंड केली' यात शब्द इंग्रजी, पण 'मी' पासून 'केली' पर्यंतचा सांगाडा मराठीच. सिंगलिशमध्ये उलटं : शब्द बहुतेक इंग्रजी, सांगाडा चिनी-मलय. त्यामुळे मिंग्लिश ही भेसळ म्हणा हवं तर, क्रिओल नव्हे.

खरी क्रिओल महाराष्ट्रातच ऐकायची असेल तर रायगड जिल्ह्यात रेवदंड्याजवळ कोर्लईला जा. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजांच्या काळापासूनची 'नॉ लिंग', म्हणजे 'आमची भाषा', अजून बोलली जाते. १७४० मध्ये पोर्तुगीजांनी तो भाग सोडला, पण ही राहिली. शब्द पोर्तुगीज, आणि क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी.