सिनेमा-सिरीयलमध्ये दाखवतात तसे करार खरंच असतात का?

बरंचसं चुकीचं दाखवतात. कनपटीला बंदूक लावून सही घेतली की जमीन गेलीच, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय, पण धमकी देऊन घेतलेली सही कोर्टात आव्हान देऊन रद्द करून घेता येते, आणि कागद टराटरा फाडला म्हणून करार संपतही नाही कारण कागद हा फक्त पुरावा असतो. तोंडी करारही बऱ्याच बाबतीत चालतो, फक्त सिद्ध करणं जड जातं.

जाहिरातीचं उदाहरण मला सगळ्यात भारी वाटतं. १९९६ मध्ये अमेरिकेत पेप्सीच्या टीव्ही जाहिरातीत ७० लाख पॉइंट्सला (पेप्सी घेतल्यावर मिळणारे, बक्षिसांसाठी जमवायचे गुण) हॅरियर लढाऊ विमान दाखवलं होतं, पॉइंट १० सेंटला विकत मिळायचा म्हणून एका तरुणाने खरंच सुमारे ७ लाख डॉलरचा चेक पाठवला, कंपनीने नकार दिला आणि केस झाली. १९९९ मध्ये कोर्ट म्हणालं, कुठलाही समजूतदार माणूस याला खरी ऑफर मानणार नाही.

एक गोष्ट मात्र सिनेमे बरोबर दाखवतात, न वाचता केलेली सही. 'मी वाचलंच नव्हतं' हे सहसा चालत नाही, तेव्हा प्लीज वाचा.