बोअरचं पाणी तपासायला देताना

टीडीएस मीटरवर २८० आलं म्हणून निर्धास्त होऊ नकोस. तो आकडा फक्त विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जंतू, नायट्रेट, फ्लोराइड त्यात वेगळे दिसत नाहीत.

जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा असते, तिथे आधी चौकशी कर. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली त्यांच्याकडूनच घे. बिसलेरीची रिकामी बाटली धुऊन नेलीस तर निकालाला अर्थ उरत नाही. (माझा पहिला नमुना असाच वाया गेला.) नळाचं तोंड पुसून ज्योतीने तापव, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू दे, मग भर. झाकणाला आतून बोट लावू नकोस, बाटली काठोकाठ भरू नकोस. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचव.

अहवालात ई-कोलाय (विष्ठेतून पाण्यात येणारे जंतू) १०० मिलीत अजिबात नको. नायट्रेट ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आत हवं. घरात तान्हं बाळ असेल तर हे आधी बघ. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट दाट होतं. यवतमाळ, चंद्रपूरकडे असशील तर फ्लोराइड आवर्जून तपास, मर्यादा १.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर.

पावसाळ्यानंतर पुन्हा एकदा जंतूंची तपासणी करच.