वाचकांचे प्रश्न : अँबॅसेडरचं टकटकणारं इंजिन

प्रश्न : माझ्याकडे 1974ची अँबॅसेडर आहे, 1489 सीसी पेट्रोल. थंड असताना इंजिन जोरात टकटक करतं. गॅरेजवाला म्हणतो, इंजिन उतरवून बोअर करा (सिलिंडर आतून कापून मोठे करा). करू का? (वाचक, सांगली)

उत्तर : एवढ्यात नको. इंजिन चालू ठेवून इन्सुलेटेड पक्कडीने एकेका प्लगची वायर काढून पाहा. एखादी वायर निघताच आवाज दबला, तर संशय त्या सिलिंडरच्या कनेक्टिंग रॉड बेअरिंगवर. चारही वेळा टकटक तशीच राहिली आणि वरून येत असेल, तर आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातला गॅप.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. चारही प्लग काढले की हँडलने क्रँक सहज फिरतो. व्हॉल्व्हना रेडिएटरकडून 1 ते 8 नंबर द्या आणि नऊची बेरीज धरा : 8 पूर्ण दबलेला असताना 1चा गॅप, 6 दबला की 3चा, 4 दबला की 5चा, 7 दबला की 2चा, मग याच जोड्या उलट. गॅप 15 थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे 0.38 मिमी. लॉकनट आवळताना स्क्रूही किंचित फिरतो, म्हणून तो स्क्रूड्रायव्हरने धरून ठेवा आणि आवळल्यावर फीलर (गॅप मोजायची पातळ पट्टी) पुन्हा घालून पाहा.

गॅप बरोबर लावूनही आवाज गेला नाही, तर रॉकरचं टोक बघा. व्हॉल्व्हवर घासून तिथे खळगा पडतो. सपाट फीलर खळग्याच्या कडांवर टेकतो, 15 थाऊ दाखवतो, आणि खरा गॅप त्याहून जास्त निघतो. असा रॉकर घासून घ्या किंवा बदला.

रॉकर शाफ्ट काढताना मात्र घाई नडते. हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) 11 नटांपैकी 4 रॉकरचे ब्रॅकेटही धरतात. तेवढेच चार ढिले केले, तर हेड वाकडं ताणलं जातं आणि पाणी सिलिंडरमध्ये, तिथून संपमध्ये (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भागात) उतरतं. आधी रेडिएटर रिकामा करा, अकराही नट थोडे थोडे ढिले करा. परत आवळताना टॉर्क रेंच, मधून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत.

बोअरचा निर्णय कॉम्प्रेशन गेजवर, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणाऱ्या गेजवर सोडा. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग किंवा बोअर, नाही चढला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले असतील, तर हेड गॅस्केट.

प्रश्न : एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा गॅप दर दोन-तीन महिन्यांनी आपोआप कमी होतो. ई-20 (20 टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमुळे का? (वाचक, नाशिक)

उत्तर : नाही, ते शिशाचं दुखणं आहे. 1 फेब्रुवारी 2000पासून देशात शिशाचं पेट्रोल बंद झालं. या हेडमध्ये व्हॉल्व्हची सीट, म्हणजे तो टेकतो ती कडा, थेट बिडात कापलेली असते आणि शिशाचा थर तिला झिजू देत नसे. आता एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटमध्ये रुततो आणि गॅप मिटतो. शून्यावर आला की व्हॉल्व्ह नीट बसत नाही, जळतो. आवाज करणारा टॅपेट परवडला, गप्प झालेला नाही. हेड उतरेल तेव्हा एक्झॉस्टला कडक सीट इन्सर्ट बसवून घ्या.

ई-20चा त्रास वेगळा. जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम फुगतात, म्हणून इथेनॉल सोसणारे घ्या. टाकीतला जुना गाळ सुटतो, सुरुवातीला फिल्टर वारंवार पाहा. मिश्रणही लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं (जास्त झालं की रिच). एसयू कार्बोरेटर असेल, तर त्यातला पिस्टन सुमारे पाऊण मिमी उचला : इंजिन बंद पडायला लागलं तर लीन, वेग चढून तसाच राहिला तर रिच. लीन असेल तर जेटचा नट एक पैलू खाली उतरवा. पावसाळ्यात गाडी अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

प्रश्न : 1972च्या गाडीत इसुझूचं 1800 इंजिन बसवू का? (वाचक, पुणे)

उत्तर : बसतं. कंपनीनेच पुढे ते अँबॅसेडरमध्ये दिलं होतं. पण 2021च्या नियमांनुसार विंटेज नोंदणीला गाडी 50 वर्षांहून जुनी लागते आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. विंटेज गाड्यांची ‘व्हीए’ मालिकेची नंबरपाटी हवी असेल, तर मूळ इंजिनच दुरुस्त करा. नको असेल, तरी इंजिन उतरवण्याआधी आरटीओची परवानगी घ्या. आरसीवर इंजिन नंबर असतो.