गब्दू आज रुसलाय!

या खेपेच्या पत्रांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा आली: आपणच मनात उभं केलेलं कुणीतरी स्वतःच्या डोक्यानं वागायला लागतं. त्यातली चार पत्रं इथं घेतो.

प्रश्न : लेक साडेचार वर्षांची आहे. तिचा 'गब्दू' नावाचा मित्र आहे, तो आम्हाला कुणालाच दिसत नाही. जेवताना त्याची वाटी मांडावी लागते. कधी तो रुसतो, बोलावूनही येत नाही, मग ती खरंच रडते. सासूबाई म्हणतात, बाहेरचं लागलंय, दाखवून आणूया. (एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर)

ताई, लेकीला कुठंही 'दाखवायला' नेऊ नका. तुमच्या घरात जे चाललंय ते जगभरातल्या घरांत चालतं. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाच्या मार्जरी टेलर यांनी यावर अनेक वर्षं काम केलं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात सात वर्षांपर्यंतच्या ६५ टक्के मुलांना कधी ना कधी असा सोबती होता. जिवंत समजून वागवलेली बाहुली किंवा अस्वलही त्यांनी यात धरलं होतं.

मुलांना हे सगळं खोटं-खोटं आहे हे पक्कं माहीत असतं. माझ्याकडं आलेल्या एका मुलाच्या मित्रासाठी मी खुर्ची ओढली, पाणीही विचारलं. पोरगा माझी बाही धरून हळूच म्हणाला, "डॉक्टर, तो खरा नाहीये हं." मी फसू नये याची काळजी त्यालाच जास्त!

मग गब्दू का रुसतो? चौथ्या-पाचव्या वर्षाच्या सुमाराला मुलांना उमगायला लागतं, की समोरच्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं. आईला जे माहीत आहे ते आज्जीला माहीत नसतं, मैत्रिणीला आपला खेळ नको असू शकतो. ही फार मोठी शिकवण आहे आणि तिचा सराव लेक गब्दूवर करतेय. नेहमी हो म्हणणारा गब्दू तिच्या काय कामाचा? तिचं रडू मात्र खरं आहे. "नाही आला का? मग वाईट वाटलं असेल," एवढं म्हणून जवळ घ्या.

वाटी मांडा, पण गब्दूचे नवे किस्से तुम्ही रचू नका. तो तिचा आहे. "दूध गब्दूनं सांडलं" असं ती म्हणाली तर "बरं, दोघं मिळून पुसा" म्हणा. सासूबाईंना त्यांच्या भातुकलीबद्दल विचारा. बाहुलीच्या लग्नात कोण रुसलं होतं, ते त्या रंगून सांगतील. आणि घरात कुणी फारच आग्रह धरला तर शांतपणे सांगा, की भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. गब्दूची तिला भीती वाटू लागली, तो इजा करायला सांगतोय असं ती म्हणाली, किंवा तिनं इतर मुलांत खेळणंच सोडलं, तर मात्र बालमानसतज्ज्ञांना भेटा.

प्रश्न : मी हौशी नाटकवाला. कुस्तीच्या तालमीतल्या वस्तादावर एकांकिका लिहितोय. शेवटी त्यानं पठ्ठ्याची माफी मागायची असं ठरलं होतं. लिहायला बसलो की गडी माफीच मागत नाही! त्याचा आवाजही कानाशी येतो. मित्र म्हणतात, डॉक्टरला दाखव. (शिवाजी पेठ)

तुमच्या पत्रानं मला फार आनंद झाला. टेलर यांनीच दोन सहकाऱ्यांबरोबर ५० कथा-कादंबरीकारांशी बोलून पाहिलं, तेव्हा ४६ जणांनी पात्रं आपल्या मनानं वागत असल्याचा काही ना काही अनुभव सांगितला. पुढं इंग्लंडच्या डरहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी एडिंबरोच्या पुस्तक महोत्सवात आलेल्या १८१ लेखकांना विचारलं. ६३ टक्के म्हणाले, पात्रांचे आवाज ऐकू येतात. ६१ टक्के म्हणाले, पात्रं स्वतंत्रपणे वागू शकतात.

हे कसं होतं, याचा टेलर यांचा अंदाज कोल्हापूरकराला पटकन कळेल. समोरचा एकेरी पटात शिरला, म्हणजे एक पाय धरायला झेपावला, की कसलेला पैलवान विचार करत बसत नाही, अंगच उत्तर देतं. वर्षानुवर्षांच्या मेहनतीनं डाव इतका मुरलेला असतो, की तो कधी ठरवला हे त्याचं त्यालाही कळत नाही. माणसं रचायचंही तसंच. लहानपणापासून पाहिलेले वस्ताद, त्यांची बसायची ढब, पठ्ठ्या हरला की लांबूनच मान फिरवणं, हे सगळं तुमच्यात मुरलंय. निवड आत होते, तुमच्यापुढं येतो तो थेट नकार. म्हणून तो दुसऱ्या कुणाचा वाटतो.

माझं प्रांजळ मत सांगू? त्याला माफी मागायला लावू नका. ती खोटी आहे हे तुमच्याच अनुभवाला कळलंय. माफीच्या जागी तो काय करतो ते बघा: खुराकाचं दूध पठ्ठ्यापुढं सरकवतो का? वही मिटली की तोही गप्प बसत असेल, तर डॉक्टरची गरज नाही.

प्रश्न : वय २०, होस्टेलवर राहतो. इंटरनेटवर वाचून रोज ध्यान करून 'तुल्पा' तयार केली. आता ती न विचारता बोलते. हे धोक्याचं आहे का?

तुल्पा म्हणजे ध्यान करून मनात घडवलेली व्यक्ती; शब्द मूळचा तिबेटी. फ्रेंच प्रवासी अलेक्झांड्रा डेव्हिड-नील यांनी १९२९ च्या पुस्तकात आपण असा एक गुबगुबीत भिक्खू मनानं घडवल्याचं लिहिलंय. तो पुढं रोडावला, बेरकी झाला आणि त्याला घालवायला सहा महिने लागले, असं त्या सांगतात. ही त्यांची आठवण आहे, तपासलेली गोष्ट नव्हे; तिनं घाबरू नकोस. रोज तासन्‌तास एकाच व्यक्तीची कल्पना केल्यावर ती आपोआप बोलू लागणं, हे वस्तादाच्याच जातीचं आहे.

मला काळजी आहे ती तुझ्या झोपेची आणि मित्रांची. "आत्ता नको" म्हटल्यावर ती थांबते का? झोप उडाली असेल, ती हुकूम सोडत असेल किंवा इतरांच्या मनातलं सांगतेय असं वाटत असेल, तर ध्यान आजच थांबव आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेट. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीवर, १४४१६ या क्रमांकावर, रात्रीही बोलता येतं, मराठीतही.

प्रश्न : ह्यांना जाऊन चौदा महिने झाले. संध्याकाळी चहा ठेवला की मागून आवाज येतो, "साखर कमी घाल." मी बोलते त्यांच्याशी. लेकीला सांगायची भीती वाटते, वेड लागलं म्हणेल. मी उत्तर देऊ का त्यांना? (मंगळवार पेठ, वय ६८)

काकी, वेल्समधले एक डॉक्टर, डेवी रीस, यांनी जोडीदार गमावलेल्या २९३ जणांना भेटून १९७१ मध्ये लिहिलं, की जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या माणसाची चाहूल, आवाज किंवा दर्शन अनुभवाला आलं होतं. बहुतेकांनी ते तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, अगदी तुमच्यासारखं. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांचं बोलणं तुमच्या कानांत इतकं बसलंय, की चहाचं आधण उकळलं की पुढचं वाक्य आपसूक येतं.

अनोळखी माणसं दिसू लागली, विसर पडू लागला किंवा नव्या गोळ्या सुरू झाल्यावरच हे वाढलं असेल, तर डोळे आणि औषधं तपासून घ्या. नाहीतर खुशाल उत्तर द्या. आणि एखाद्या संध्याकाळी लेकीला चहाला बोलवा, तिचे बाबा साखरेवरून अजून काय म्हणतात ते सांगा. कदाचित तिलाही कुठंतरी त्यांचा आवाज येत असेल.