घरच्या सुतारकामासाठी ३० इंची जुना बँडसॉ घ्यावा का? घेताना काय तपासावे?

बंद पडलेल्या फर्निचर कारखान्यातला ३० इंची चाकांचा बिडाचा बँडसॉ (दोन चाकांवरून फिरणाऱ्या लांब पट्टीसारख्या ब्लेडची करवत) तुम्हाला भंगारापेक्षा थोड्याच जास्त भावात मिळतो आहे, आणि घरामागच्या शेडमध्ये तो बसवावा का, असे तुम्ही विचारले आहे. मी स्वतः २४ इंची जुना बँडसॉ घरी वापरतो. तो मिळण्यापूर्वी तीन यंत्रे पाहून नाकारली होती, त्यामुळे हे थोडे सविस्तर लिहितो.

घ्यायचे की नाही, हे चाके, स्पिंडल (चाक ज्यावर फिरते तो दांडा) आणि सांगाडा एवढ्यावरच ठरवावे. बेअरिंगे, चाकांवरचे रबर, गाइड (ब्लेडला जागेवर धरणारे आधार), पट्टा, मोटर या सगळ्या वस्तू बाजारात मिळतात आणि त्यांचा खर्च किमतीतून वजा करून मागता येतो; पण बिडाचे चाक तडकलेले असेल किंवा सांगाड्याला पीळ पडलेला असेल, तर ते यंत्र फुकटातही महाग पडते.

विकणारा बहुधा आधी यंत्र चालू करून दाखवतो. तसे करू देऊ नका. प्रथम वीज तोडून ब्लेड उतरवायला सांगा. मग वरचे चाक माथ्याशी आणि तळाशी धरून पुढे-मागे हलवा. खडखड जाणवली तर बेअरिंग किंवा स्पिंडल झिजलेले आहे, आणि यांतले नेमके काय, हे बेअरिंग उघडल्याशिवाय ठरवू नये. चाक हलकेच फिरवून सोडा. दर वेळी तोच भाग खाली येऊन थांबत असेल, तर चाकाचा तोल गेलेला आहे. शेवटी एका जागी पेन्सिल टेकवून धरा आणि चाक सावकाश फिरवत पेन्सिल व कडा यांतली फट पाहा; रबर असमान झिजलेले असले तरी फट कमी-जास्त दिसते, म्हणून हीच तपासणी उघड्या बिडावरही करावी.

मी नाकारलेल्या यंत्रांपैकी एक दिसायला सर्वांत देखणे होते, नुकताच हिरवा रंग दिलेले. खालच्या चाकाच्या तुंब्याभोवती ग्रीसचा जाड थर होता. डिझेलच्या बोळ्याने तो पुसला, तेव्हा चाकाच्या एका आरीच्या (तुंब्यापासून कडेपर्यंतच्या दांड्याच्या) मुळाशी केसाएवढी काळी रेघ दिसली आणि तिच्यावरून बोट फिरवल्यावर पितळी भरणीचा उंचवटा लागला. लहान हातोडीने इतर आऱ्यांवर टिचकी मारली की घंटेसारखा स्वच्छ नाद येत होता; त्या आरीवर मात्र मडके फुटके असावे तसा बद्द आवाज आला. ३० इंची चाक मिनिटाला ५०० फेरे घेत असेल, तर त्याची कड सेकंदाला सुमारे २० मीटर वेगाने धावते, आणि त्या वेगात सांधलेल्या बिडावर विसंबणे मला कधीच मान्य होणार नाही.

चाके धड निघाली, तर ब्लेड पुन्हा चढवून ताण द्या आणि दोन्ही चाकांच्या कडांवर सूत धरून ती एका पातळीत आहेत का ते पाहा. थोडा फरक वॉशर घालून काढता येतो. गाइडचा खांब पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन ब्लेडपासूनचे त्याचे अंतर मोजा. तो ब्लेडला समांतर सरकत नसेल, तर रुंद फळी उभी चिरताना प्रत्येक वेळी गाइड नव्याने लावत बसावे लागते.

मोटरची नेमप्लेट जरूर वाचा. कारखान्यातली मोटर बहुतेक ४१५ व्होल्ट, तीन फेजची असते. घरी सिंगल फेजवर व्हीएफडी (सिंगल फेजवरून तीन फेज तयार करून देणारे उपकरण) लावून ती चालवायची असेल, तर साध्या व्हीएफडीमधून २३० व्होल्टच मिळतात. म्हणून ४१५ व्होल्टला स्टार जोडणी असलेली मोटर, तिची सहाही टोके बाहेर काढलेली असल्यास, डेल्टा करून वापरता येते (स्टार आणि डेल्टा या मोटरच्या आतल्या वेटोळ्यांची टोके जोडण्याच्या दोन पद्धती). पाच एचपीच्या मोटरी मात्र सहसा ४१५ व्होल्टलाच डेल्टा असतात, म्हणून त्यांना ही युक्ती लागू पडत नाही. अशा वेळी मोटर बदलावी किंवा महावितरणकडून तीन फेजची जोडणी घ्यावी.

ब्लेडची लांबी आधीच काढून ठेवा: दोन चाकांच्या केंद्रांमधले अंतर दुप्पट करून त्यात चाकाचा परीघ मिळवायचा. केंद्रांमधले अंतर ४८ इंच असेल, तर ९६ अधिक ९४, म्हणजे १९० इंच. तेवढ्या लांबीचे ब्लेड जोडून देणारा कारागीर जवळपास आहे का, हे सौद्याआधी विचारून या. तुमचे काम मुख्यतः सागवानाच्या जाड फळ्या उभ्या चिरण्याचे असेल, तर २५ मिलिमीटरचे ब्लेड ताणून धरणारे हे यंत्र घ्याच. पण खेळणी, खुर्चीच्या पाठी अशी वळणांची कामे असतील, तर ६ मिलिमीटरचे ब्लेड एवढ्या जड चाकांवर सांभाळणे कटकटीचे होते. मग १८ ते २० इंची यंत्र शोधा.

आपल्याकडच्या जुन्या यंत्रांची चाके अनेकदा उघडीच असतात, आणि स्विच बंद केल्यावरही ती बराच वेळ फिरत राहतात. घरात मुले वावरतात, म्हणून दोन्ही चाकांना पत्र्याची झाकणे बसवल्याशिवाय यंत्र एकदाही चालू करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ओंडके चिरण्याचा विचार असेल, तर परवान्याबाबत वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी चौकशी करा.

शेडच्या छताची उंची आणि दाराची रुंदी मोजून मगच टेम्पो ठरवा. नेताना टेबल आणि दोन्ही चाके काढून गोणपाटात वेगळी बांधा, आणि सांगाडा उचलताना दोर टेबलाच्या किंवा वरच्या स्पिंडलच्या आधाराला न अडकवता मुख्य खांबाला घाला.