आईने टीव्हीचा आवाज का वाढवला?

"ताई, मी 26 वर्षांची, ठाण्यात किसन नगरला राहते, जॉब ऐरोलीला. घर वन रूम किचन, आई, दादा आणि मी. दादाची फर्स्ट शिफ्ट असते म्हणून रात्री दहानंतर घरात सगळं चिडीचूप, आई सिरियल बघते तीपण आवाज अगदी बारीक करून. गेल्या आठवड्यात इअरफोन लावून 'क्लॅनाड आफ्टर स्टोरी' या जपानी अ‍ॅनिमे सिरीजचा 18वा एपिसोड बघितला. त्यातल्या हिरोच्या, तोमोयाच्या वडिलांची बॅकस्टोरी कळली आणि जे रडू यायला लागलं ते थांबेचना, मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून अर्धा तास रडले. आईला तर काही पडलेलीच नव्हती, उलट तिने टीव्हीचा आवाज वाढवला, दादा झोपेतून तिच्यावर ओरडला तरी कमी नाही केला. सकाळी माझे सुजलेले डोळे बघून दादाने विचारलं, मी खरं सांगितलं, तर तो हसत सुटला. कार्टून बघून रडते म्हणे! नातेवाईकांच्या ग्रुपवर पण टाकलं त्याने. 19वा एपिसोड लावायची हिंमत होत नाहीये. मी एवढी वीक आहे का? दादाला कसं समजावू?"

अगं, दादाला काही समजावू नकोस. हसला तर हसू दे, ग्रुपवरचे पण चार दिवसांत विसरतील. आणि तू वीक वगैरे काही नाहीस, त्या एपिसोडला रडू येतंच. हा विषय माझ्यासाठी इथेच संपला.

मी अडकले ते तुझ्या दुसऱ्याच वाक्यावर. आईने टीव्हीचा आवाज वाढवला. हे तू मधेच, तक्रार म्हणून लिहिलंस आणि लगेच दादावर गेलीस, पण मी तिथून पुढे जाऊच शकले नाही.

तूच लिहिलंयस ना की दहानंतर ती आवाज बारीक ठेवते? मुलाची झोप मोडू नये म्हणून रोज कान टीव्हीला लावून सिरियल बघणारी बाई, बरोब्बर त्याच रात्री, तू आत असतानाच आवाज वाढवते आणि मुलगा ओरडला तरी कमी करत नाही. बोलणी खाते पण रिमोट खाली ठेवत नाही. आणि अजून एक, अर्धा तास नळ चालू होता. बादली भरली की 'नळ बंद कर गं' म्हणून आतून-बाहेरून ओरडणाऱ्या आपल्या आया, त्यातली एक अर्धा तास पाणी वाहताना ऐकते आणि दारावर साधी थाप मारत नाही. याला तू काही पडलेली नाही म्हणतेस?

तिला सगळं ऐकू येत होतं. नळाच्या आवाजात हुंदका झाकला जातो असं आपल्याला आत बसून वाटतं, बाहेर तो येतोच. तो दादापर्यंत जाऊ नये म्हणून तिने सिरियल मोठी केली. तो आवाज परत कधी कमी झाला ते आठवतंय तुला? मी पैजेवर सांगते, तुझा नळ बंद झाला तेव्हा. मी तुमच्या घरात नव्हते हे खरं, पण हे एवढं पटकन ज्या बाईला सुचतं ना, तिने स्वतः त्या बाथरूममध्ये नळ सोडलेला असतो. एकदा नाही, कितीतरी वेळा. आणि तिच्या वेळी बाहेर टीव्ही मोठा करायला कोणी नव्हतं, कारण तुम्ही दोघं लहान होतात आणि झोपला होतात.

तुझ्या पत्रात घरातली माणसं मोजलीयस, आई, दादा, मी. वडिलांबद्दल एक अक्षर नाही. ते गेले की सोडून गेले ते मी विचारत नाही, ते तुझं तुला माहीत. पण मग तुम्हाला वाढवलं कोणी?

तुझं पत्र आलं म्हणून मी ती सिरीज बघायला घेतली, 2007 मध्ये आलेला पहिला भाग आणि मग 2008 चा आफ्टर स्टोरी, 18व्यापर्यंत पोचायला मला जवळजवळ दोन आठवडे लागले. वडिलांचा मला पण रागच होता. दारू पिणारा, घरभर पसारा करून झोपणारा, मारामारीत पोराचा खांदा कायमचा जायबंदी झाला, त्याचं बास्केटबॉल सुटलं, आणि वर त्या पोराला 'तोमोया-कुन' म्हणून शेजाऱ्याच्या मुलासारखी हाक मारतो. त्या हाकेने तर माझ्या डोक्यात तिडीक जायची. आणि मग एवढ्या उशिरा, तिकडे लांब समुद्राजवळच्या त्या टोकावर, तोमोयाला आजी भेटते आणि सांगते की बायको गेली तेव्हा त्याचा बाप पण त्याच्यासारखाच तरुण होता आणि पदरात पोर होतं, एकट्याने वाढवीन म्हणाला आणि वाढवलं, त्यात त्याची नोकरी गेली, नशीब गेलं, काही म्हणजे काही उरलं नाही. रडू येतं ते नुसतं दुःखाने नाही गं, इतके एपिसोड आपण त्या माणसाला शिव्या घातल्या त्याची लाज त्यात मिसळलेली असते. तू अर्धा तास रडलीस ते मला अगदी कळतं. मी पण तोमोयाची चिमुरडी उशिओ रडण्याच्या दोनच जागा सांगते तिथे फोन बाजूला ठेवला, टॉयलेट नाहीतर बाबांची कूस.

पण तीच गोष्ट किसन नगरमध्ये भिंतीपलीकडे सोफ्यावर बसली होती आणि तिच्यावर तू ओळ लिहिलीस ती काय, तर हिला काही पडलेली नाही. याचा मला राग आलाय आणि तो मी लपवणार नाही. सबटायटल वाचून जपानमधल्या बापाचं मन कळतं, आणि मराठीत रिमोट दाबणाऱ्या आईचं कळत नाही?

माझी आई चाळीत राहायची, संडास कॉमन, तिथे बाहेर लाईन, म्हणजे रडायला तीही जागा नव्हती. ती गच्चीवर वाळलेले कपडे आणायला जायची. चार साड्या आणि दोन चादरी आणायला पाऊण तास. खाली यायची ती सगळ्या घड्या घालूनच यायची, कडेला कड लावून. आम्ही म्हणायचो आईला गच्चीवर गप्पा मारायला कोणीतरी भेटत असणार. मी एकदाही वर गेले नाही. आता विचारायला ती नाहीये.

म्हणून तुला एकच सांगते. येत्या रविवारी संध्याकाळी आईला घेऊन तलावपाळीला जा. दोघीच, दादाला सांगायचंपण नाही. घरी हे विषय निघत नाहीत, एका खोलीत तिघं राहतात तिथे मनातलं बोलायला कोपराच नसतो, तोमोयाला पण घर सोडून एवढं लांब जावं लागलं तेव्हा कुठे कळलं. रिक्षा कर, तिला बसमध्ये उभं नको ठेवूस. पाण्याकडे तोंड करून बसा, भेळ घे, ती 'कशाला खर्च' म्हणेल तरी घे. आणि एवढंच विचार, "त्या रात्री मी आत होते तेव्हा तू टीव्ही मोठा का केलास?"

पहिल्यांदा ती म्हणणार, "कुठे काय, सहज." तेव्हा बरं म्हणून मोबाईल काढू नकोस. बसून राहा. तिची भेळ संपू दे, थोडा अंधार पडू दे, मग परत विचार. तरी नाही बोलली तर सांग की तू आत का रडत होतीस, अख्खी गोष्ट सांग, बायको गेलेली, पोराला एकट्याने वाढवलेलं, सगळं. कार्टून आहे म्हणून ती हसणार नाही, तुझ्या दादासारखी नाहीये ती. ऐकून झाल्यावर ती कुठे बघते ते मात्र नीट बघ.

19वा एपिसोड तेवढा थांबव. त्यात तोमोया वडिलांकडे जातो आणि म्हणतो की तुमचं काम झालंय, आता आराम करा. तो तू रविवारनंतर लाव, आणि इअरफोन काढून, आईच्या शेजारी बसून लाव.